प्रवचनातली डुलकी

कोळीवाड्याच्या चर्चमध्ये फादर बर्नार्ड यांचं प्रवचन चालू असताना खोकायचीही कुणाची छाती नव्हती. त्या रविवारी मात्र इजाबेलबाय चक्क घोरली. पहाटे बंदरावरून मासळी उचलून, बाजारात विकून, रिकामी टोपली दाराशी ठेवून ती तशीच आत आली होती.

फादर गरजले, "इजाबेल! देवाच्या घरात झोपतेस?"

आता ही काय बोलते, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या.

तिने डोळे चोळले. "फादर, वादळात होडी हेलकावत होती, तरी येशू उशीवर डोकं ठेवून झोपला होता ना?"

"होता. मग?"

"मग शिष्यांनी ओरडून उठवलं. तेव्हा बोलणी कुणी खाल्ली? झोपलेल्याने, की उठवणाऱ्यांनी?"

फादरांनी प्रवचन तिथेच आवरलं. पुढच्या रविवारी त्यांचा आवाज बेताचा होता, आणि इजाबेलबायच्या बाकावर उशी.