हौदावरच्या चटया

एकदा काय झालं, एका राजाच्या अंगणाखाली राक्षस झोपला होता. पाऊलभर माती उघडी दिसली की तिथून त्याचा हात वर यायचा आणि जवळ असेल त्याला खाली ओढून न्यायचा. दगडातून, पाण्यातून मात्र तो येत नसे. म्हणून दर वर्षी अंगणात नव्या चटया अंथरायच्या. पण साध्या चटईला राक्षस जुमानतो होय? त्या विणायच्या रानातल्या काळ्या गवताच्या. अन् एक चटई विणली की विणणारीचं एक वर्ष त्यात विणलं जायचं, बरं का.

विणकरणींची सावली अंगणात पडू नये, असा रिवाज होता. चटया दारात द्यायच्या आणि मागे फिरायचं. प्रधान सांगायचा, "अंगण सहा चटया लांब, पाच चटया रुंद. साही पंचे तीस. आणा तीस!"

बाया आणायच्या. म्हाताऱ्या व्हायच्या. मरायच्या. राजाचा मात्र एक केस पिकला नव्हता. लोक म्हणायचे, पुण्यवान आहे.

गोजराची आई कोंडाई पस्तिशीची होती, दिसायची ऐंशीची. त्या वर्षी एकोणतीस चटया गेल्या. तिसावीची पाळी कोंडाईवर आली.

"ही विणली की संपले गं मी," कोंडाई म्हणाली.

"मग विणायचीच नाही."

"आणि राक्षस आला म्हणजे?"

"ती कुठे अंथरणार, ते आधी बघून येते," गोजरा म्हणाली आणि वाड्याच्या भिंतीलगतच्या चिंचेवर चढली.

बघते तर काय! अंगण केव्हाच झाकलेलं. ते चौकोनी नव्हतंच मुळी. एका कोपऱ्यात दगडी कोठार, मधे पाण्यानं भरलेला हौद. मग गोजरानं नजरेनंच अंगणाचे तुकडे केले. खालचा पट्टा सहा लांब, तीन रुंद. अठरा. कोठाराशेजारचा तुकडा दोन लांब, दोन रुंद. चार. झाल्या बावीस. हौद दोन लांब, दोन रुंद, म्हणजे चार वजा. उरल्या अठरा. फक्त अठरा!

मग बाकीच्या? खिडकीतून राजाचा पलंग दिसला. त्यावर अकरा चटयांची गादी, वर राजा घोरत पडलेला. गाल कसे गुलाबी.

गोजरा उतरली ती थेट दारवानाकडे. "तिसावी चटई कुठे अंथरणार?"

"मला काय ठाऊक? हो बाजूला!"

मग प्रधानाकडे. तो हसला. "साही पंचे तीस. पाढे येतात का गं तुला?"

"येतात. पण हौदाला गुणायचं नसतं प्रधानजी, वजा करायचं असतं."

मग ती राजाकडे गेली. या वेळी मागे साऱ्या विणकरणी होत्या. रिवाज मोडून आत शिरल्या होत्या. "महाराज, माझ्या आईचं शेवटचं वर्ष कुठे अंथरणार, तेवढं दाखवा."

राजा म्हणाला, "पोरी, मी आहे म्हणून राज्य आहे."

कळलं बायांना. त्यांनी गादी ओढली आणि चटया उसवल्या. जिची होती तिला तिची वर्षं परत मिळाली. कोंडाईला मिळाली चार. चारच.

राजाचे केस गळले, दात पडले. तो रांगत अंगणात गेला आणि अंगाखाली घ्यायला त्यानं एक चटई ओढली. माती उघडी पडली. हात वर आला.

राजाच्या अंगात शेकडो बायांची वर्षं साठली होती. एवढं खाल्ल्यावर राक्षसाचं पोट जे भरलं, ते भरलंच. तो पुन्हा कधी उठला नाही. चटयाही संपल्या. आधी गेल्या त्या बाया काही परत आल्या नाहीत. प्रधान मात्र अजून सांगत फिरतो, साही पंचे तीस. त्याला विचारायचं, हौद वजा केलास का?

गोजरा आणि कोंडाई पाच वर्षं सुखानं राहिल्या, चार परत मिळालेली आणि एक न विणलेलं. गोजरा पुढेही राहिली.

चला, मिटा डोळे. पांघरूण आपल्या अंगापुरतं घ्या. शेजारच्याचं ओढायचं नाही.