रुमालाखालचा हात

पूर्वी वाराणसीत ब्रह्मदत्त राजा गादीवर असताना बोधिसत्त्व कापडाचे मोठे व्यापारी होऊन जन्मले. त्यांच्या पेढीवरच्या कापडाइतकं पांढरं कापड दुसरीकडे मिळत नसे. माल आणी दंतिल नावाचा दलाल. बाजाराची रीत अशी, की भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली हात धरून बोटांनी ठरवायचा. आणि माल कुठून आला, हे दलालाला विचारायचं नाही. बोधिसत्त्वांनीही कधी विचारलं नव्हतं.

एकदा दंतिलाचा पाय मुरगळला, म्हणून गाठोडं घेऊन खेमी आली. नदीपल्याडच्या गावात चुन्याच्या पाण्यात कापड पांढरं करणारी ही बाई. रुमालाखाली हात गेले. बोधिसत्त्व वाट बघत राहिले.

"बाई, भाव सांगा की."

"केव्हाची सांगतेय, शेटजी. तुम्हांला कळेना, त्याला मी काय करू?"

बोधिसत्त्वांनी रुमाल उचलला. असं आजवर कुणी केलं नव्हतं. चुन्यानं खाऊन खेमीच्या बोटांची नुसती थोटकं उरली होती.

ते तसेच उठले आणि नावेनं पल्याड गेले. ओढ्याचं पाणी दुधासारखं, काठाला मेलेले मासे, गुरं तोंड लावीनात. घरोघर तसलेच हात.

राजाच्या उत्सवाचं कापड द्यायचं होतं. बोधिसत्त्वांनी दिलं नाही. राजानं बोलावलं, तेव्हा त्यांच्यामागून खेमीही गेली. दंतिल लंगडत आधीच पोचला होता.

"आमच्या शेटजींना भलतीच कणव सुटलीये, महाराज," तो हसून म्हणाला.

राजा म्हणाला, "श्रेष्ठी, चुना तू कालवला नाहीस. मग तुझा दोष काय?"

"महाराज, नफा घ्यायला माझा हात त्या गावापर्यंत पोचतो. दोष घ्यायच्या वेळी तो आखूड कसा होईल? पेढी जप्त करा. हे कापड मी विकणार नाही."

"नको विकूस! मी थेट गावातून घेईन."

"घ्या की," खेमी पुढे झाली, "पण भाव रीतीनं ठरवा." तिनं रुमाल धरला. "घाला हात, महाराज. घाबरता कशाला? माझी बोटं तर तुम्ही रोज अंगावर घालता."

राजानं हात घातला. ती थोटकं त्याच्या हाताला लागली. मग त्यानं अंगावरचं शुभ्र उपरणं काढून ठेवलं.

त्या उत्सवात राजा कोऱ्या, मातकट कापडात बसला. दवंडी पिटली गेली: जो माल विकेल, त्यानं तो तयार होतो तिथं स्वतः जाऊन बघावं, आणि इजा दिसली तर ती आधी निस्तरावी. बोधिसत्त्वांनी आपली मिळकत ओढा साफ करण्यात आणि ती घरं पोसण्यात घातली.

एवढं सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा दलाल तो देवदत्त, राजा तो आनंद, आणि राजाला हात घालायला लावणारी ती भिक्षुणी उत्पलवर्णा. रुमाल उचलणारा मीच होतो."

ही सत्यपारमिता, सत्याची पराकाष्ठा. झाकलेलं उघडायचं, आणि एकदा बघितल्यावर राजापुढंही मागं सरायचं नाही.