टिल्लूला मलई मिळेना

एक होता उंदीर. नाव टिल्लू. उंची वाटाण्याएवढी. बढाई भोपळ्याएवढी.

भिंतीवर होती पाल. पाल म्हणाली, "टिल्ल्या, हौसामावशीच्या फटफटीवर चढ. हॉर्न दाब. दिवसभर वाजवून दाखव. आहे हिंमत?"

शहाणा असता, तर म्हणाला असता, "नको बाई." पण टिल्लू म्हणाला, "बघच तू!"

मावशी गेली होती लग्नाला. किल्ली राहिली होती गाडीला. टिल्लू निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु. हॉर्नवर चढला. दोन्ही पायांनी दिवसभर नाचला.

पीं पीं! पीं पीं! पीं... पी... प्...

गप्प.

"जिंकलो!" टिल्लू म्हणाला. हो हो, जिंकला. बघा आता.

सकाळ झाली. मावशी निघाली दूध आणायला. किटली अडकवली. बटण दाबलं. टिक! परत दाबलं. टिक! ह्या फटफटीला किक नाही. नुसतं बटण.

मावशी पायरीवर बसली. डोक्याला हात लावला. "अगं बाई! दूध टेकडीपलीकडे. आणू कसं? आज दूध नाही. मलई पण नाही!"

मलई नाही? टिल्लूच्या मिशाच पडल्या. रोज त्याला बोटभर मलई मिळायची. आज काय, नुसतं बोट चाटायचं?

टिल्लू निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु.

"फटफटी, फटफटी, चाल की!"

फटफटी म्हणाली, "बॅटरी उठेना, मी कशी चालू?"

टिल्लू गेला बॅटरीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"बॅटरीताई, बॅटरीताई, ऊठ की!
फटफटी चालेना,
टिल्लूला मलई मिळेना!"

बॅटरीनं जांभई दिली. "पोटात थेंब नाही रे. मला रिकामी केली कोणी?"

"होता एक बावळट. कान मोठे, अक्कल छोटी!"

पाल म्हणाली, "चुक चुक!"

बॅटरी म्हणाली, "चार्जर पाजेना, मी कशी उठू?"

टिल्लू गेला चार्जरकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. चार्जर होता फळीवर. बुटका, गुबगुबीत.

"चार्जरदादा, चार्जरदादा, पाज की!
बॅटरी उठेना,
फटफटी चालेना,
टिल्लूला मलई मिळेना!"

चार्जर म्हणाला, "माझं काम सोपं. थेंब थेंब पाजायचं. पोट भरलं, की थांबायचं. रोज लावा, बॅटरी कधी उपाशी राहणार नाही. तिला रिकामी केली कोणी?"

"होता एक बावळट. शेपूट लांब, अक्कल छोटी!"

पाल म्हणाली, "चुक चुक!"

चार्जर म्हणाला, "वायर येईना, मी कसा पाजू?"

टिल्लू गेला वायरीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. लांबच लांब वायर. कोपऱ्यात गोल गोल गुंडाळलेली.

"वायरबाई, वायरबाई, ये की!
चार्जर पाजेना,
बॅटरी उठेना,
फटफटी चालेना,
टिल्लूला मलई मिळेना!"

वायर म्हणाली, "हे सगळं केलं कोणी?"

"होता एक बावळट. मिशा चार, अक्कल छोटी!"

पाल म्हणाली, "चुक चुक!"

वायर म्हणाली, "जरा वर बघ. ढब्बी हलेना, मी कशी येऊ?"

टिल्लूनं वर बघितलं. अरे बापरे! वायरीवर ढब्बी मांजर. घुर्र घुर्र.

टिल्लू चार पावलं मागे गेला. मग अजून चार. लांबूनच ओरडला,

"ढब्बीबाई, ढब्बीबाई, हल की!
वायर येईना,
चार्जर पाजेना,
बॅटरी उठेना,
फटफटी चालेना,
टिल्लूला मलई मिळेना!"

ढब्बीनं एक डोळा उघडला. "हे सगळं केलं कोणी?"

"होता एक बावळट. रंग राखाडी, अक्कल छोटी!"

पाल म्हणाली, "चुक चुक! चुक चुक!"

"तू गप गं!" टिल्लू म्हणाला.

ढब्बी म्हणाली, "किटली भरेना, दूध मिळेना, मी का हलू?" आणि डोळा मिटला.

टिल्लू गेला किटलीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"किटलीताई, किटलीताई, भर की!
ढब्बी हलेना,
वायर येईना,
चार्जर पाजेना,
बॅटरी उठेना,
फटफटी चालेना,
टिल्लूला मलई मिळेना!"

किटली म्हणाली, "फटफटी चालेना, मी कशी भरू?"

फटफटी? परत फटफटी?

टिल्लू मटकन खाली बसला. "वा रे टिल्ल्या! गोल गोल फिरलास. पाय दुखले, आणि आलास कुठं? निघालास तिथंच! अक्कल आहे, का उंदरानं खाल्ली?" मग त्याला आठवलं. उंदीर आपणच.

आता काय करायचं? कोणीतरी हलायला पाहिजे. फटफटी हलणार नाही. किटली हलणार नाही. मांजर मात्र हलतं. मांजराला पाय असतात. दात पण असतात!

"जास्तीत जास्त काय होईल?" टिल्लू म्हणाला. "खाईल."

तो निघाला. तुरु... तुरु... तुरु... अगदी हळू. ढब्बीच्या नाकाशी गेला. शेपटीचं टोक तिच्या नाकात घातलं.

गुदी गुदी गुदी!

"आऽऽक्छी!"

ढब्बी उडाली! टिल्लू पळाला! ढब्बी मागे, टिल्लू पुढे! फळीखालून, पाटाखालून, मावशीच्या पायातून, सुळ्ळकन बिळात!

ढब्बी बिळाबाहेर बसली. बसू दे. वायरीवरून हलली ना!

ढब्बी हलली,
तशी वायर आली. सर्र सर्र. भिंतीला चिकटली.
वायर आली,
तसा चार्जर पाजू लागला. टिप टिप. टिप टिप.

लाल दिवा लागला.

"झालं का?" बिळातून टिल्लू म्हणाला.

"नाही. थेंब थेंब."

अजून लाल.

"आता झालं का?"

"थेंब थेंब, म्हटलं ना!"

अजून लाल. अजून लाल. अजून... हिरवा!

"भरलं पोट!" चार्जर म्हणाला, आणि आपला आपण थांबला.

चार्जरनं पाजलं,
तशी बॅटरी उठली. झण्ण!
बॅटरी उठली,
तशी फटफटी चालली. फट फट फट फट!
मावशी बसली, भुर्र गेली, भुर्र आली.
आणि किटली भरली. काठोकाठ!

मावशीनं मलई काढली. बिळापाशी ठेवली. बोटभर. टिल्लूनं तोंडात घातली. आहाहा!

मग मावशी वळली ढब्बीकडे. कमरेवर हात. "गाडी काल चांगली होती. आज बंद कशी पडली? शेजारी म्हणाले, काल दिवसभर हॉर्न वाजत होता. तूच लोळली असशील हॉर्नवर. जाड्ये! आज तुला दूध नाही!"

"म्याव? मी?" ढब्बी म्हणाली. तिची वाटी रिकामी. पोट रिकामं. डोळे पाण्यानं भरलेले.

टिल्लूला काय, बरंच की! मांजर उपाशी. उंदराची मज्जा!

पण मलई गिळवेना. इकडच्या गालात घेतली. गिळवेना. तिकडच्या गालात घेतली. गिळवेना.

टिल्लू बाहेर आला. दोन्ही गाल फुगलेले. "माऊफी, माऊफी..."

"आधी तोंडातलं संपव रे!"

गटक!

"मावशी, ढब्बी नाही. हॉर्न मी वाजवला."

"तू? एवढासा?"

"एवढासाच. पण दिवसभर."

मावशीनं ढब्बीच्या वाटीत दूध ओतलं. लपक लपक, लपक लपक. मग टिल्लूकडे वाकून बघितलं.

"आणि आता रोज चार्जर कोण लावणार?"

"मी."

"आणि हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं कोणी?"

टिल्लूनं भिंतीकडे बघितलं. पाल गप्प. एकदम गप्प.

"कोणी म्हणालं असेल, मावशी," टिल्लू म्हणाला. "पण नाचले ते पाय माझेच."