विकायचं घर आणि गुलबाक्षीची परी

डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या वळणावर, टिकलीएवढं एक गाव होतं. म्हणून त्याचं नावच पडलं टिकलीवाडी. तिथे शेवंती नावाची एक मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. त्यांचं घर म्हणजे घरकुलच! दोन चिमुकल्या खोल्या, इवलंसं अंगण आणि अंगणात गुलबाक्षीचं एक झुडूप. वरची कौलं फुटकी होती, त्यामुळे सर आली की कोपऱ्यात टपटप सुरू. दार तर भारी हट्टी. ढकललं की रुसून बसायचं, आणि खालून पायाने हळूच ढोसलं की लगेच उघडायचं. परसात होती चिकणमाती. ती अशी खादाड की पाय ठेवला रे ठेवला, चप्पलच गिळून टाकायची.

शेवंतीचे बाबा दूर समुद्राकाठी होते. गावात काम मिळेना म्हणून ते तिकडे गेले, आणि दीपगृहातला मोठा दिवा लावायचं काम त्यांना मिळालं. मीठ विकायला येणाऱ्या काकांबरोबर त्यांनी निरोप धाडला, "इथे राहायला जागा आहे. समोर निळा निळा समुद्र आहे. तुम्ही दोघी या." पण जायचं कसं? आधी बैलगाडी, मग होडी, मग पुन्हा बैलगाडी, अशी ती लांबची वाट. घर विकलं गेलं तरच प्रवासाची सोय होणार होती. आणि घर काही केल्या विकलं जाईना!

घर बघायला येणारा माणूस वर बघायचा, तर त्याला कौलातून आभाळ दिसायचं. परसात जायचा, तर त्याची चप्पल रुतायची. मग तो "कळवतो हं" म्हणून निघून जायचा. 'कळवतो' म्हणणारी माणसं कधी काही कळवत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक असेलच. शेवंतीला बाबांची इतकी आठवण यायची की भाकरीचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. आई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबायची आणि संध्याकाळी लेकीला जवळ घेऊन म्हणायची, "जाऊ गं राणी, जाऊ आपण."

शेजारी बायजाक्का राहायच्या. मनाने चांगल्या, पण जीभ म्हणजे पट्टा! त्या म्हणाल्या, "अगं पोरी, घर दाखवायचं म्हणजे मुलगी दाखवायची. उणंदुणं झाकायचं, नटवायचं, सजवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, कळलं का?"

शेवंतीला ते पटलं. तिने जाळी-जळमटं काढली, अंगण सारवलं, भिंतींना पांढरी माती लावली. माती नाकाला लागली, केसांना लागली, मांजरालासुद्धा लागली. परसातला चिखल तर ती खरडून खरडून दमली. पण चिखलच तो, पुन्हा आपला जागच्या जागी हजर.

ऊन कलताना ती तांब्या भरून आणून गुलबाक्षीला पाणी घालू लागली. बायजाक्का कुंपणावरून डोकावल्या. "आता गं! घर विकायचंय आणि झाडाला पाणी कशाला? उद्या दुसऱ्याचं होईल ते."

"पण आक्का, तहान तर त्याला आज लागलीय ना," शेवंती म्हणाली.

बायजाक्का हसत आत गेल्या. इकडे गुलबाक्षीच्या कळ्या टपटप उमलायला लागल्या. एक गुलाबी, एक पिवळी, एक अर्धी गुलाबी अर्धी पिवळी. आणि सगळ्यांत टपोऱ्या फुलातून बाहेर आली एक एवढीशी परी! झगा गुलबाक्षी रंगाचा, पंख सोनेरी, आणि केसांत काळ्याभोर बियांची माळ. ती शेवंतीच्या बोटावर येऊन बसली, तेव्हा बोटाला गुदगुल्या झाल्या.

"गोड पाणी पाजलंस गं," परी म्हणाली. "माग तीन इच्छा. पण माझे नियम आहेत हं! मागायचं ते या घरासाठीच. सोनंनाणं नाही, खाऊ नाही, आणि कुणाचं मन वळवायचं तर मुळीच नाही. शिवाय मी गुलबाक्षीची परी. ही फुलं संध्याकाळी उमलतात आणि सकाळी मिटतात. ती मिटली की माझी जादूही मिटते."

शेवंतीने क्षणभरही विचार केला नाही. खरं तर करायला हवा होता. ती टाळ्या पिटून म्हणाली, "परीताई, माझं घर सगळ्या गावात सुंदर, सजलेलं दिसू दे!"

झगमग झगमग! दाराला आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. दोन्ही बाजूंना केळीचे खांब उभे राहिले. अंगणात मोराची रांगोळी उमटली, झेंडूच्या माळा डुलू लागल्या आणि वाऱ्यावर कुठूनशी सनईसुद्धा वाजू लागली. शेवंती आनंदाने गिरक्या घेऊ लागली.

आता तुम्हीच सांगा, असं घर दिसलं तर लोकांना काय वाटेल? सगळं गाव आहेर घेऊन दारात! "काय बाई, घरात लग्न आणि आम्हाला आमंत्रण नाही?" म्हणत बायका आल्या, फेटे बांधून बाप्ये आले, पोरंटोरं पंगतीला बसूनही मोकळी झाली. एक आजोबा मुठीत अक्षता धरून विचारत होते, "नवरी कुठंय?" तेवढ्यात पलीकडच्या गावाहून एक गुरुजी घर बघायला आले. त्यांनी तोरण बघितलं, सनई ऐकली आणि हात जोडले. "शुभकार्याच्या घरी व्यवहाराचं कसं बोलायचं? पुन्हा कधीतरी येईन," असं म्हणून ते आल्या पावली परत गेले.

शेतावरून आलेली आई हे सगळं बघून चक्रावली. पण दारी आलेल्या माणसाला उपाशी कसं धाडायचं? तिने पदर खोचला, बायजाक्कांनी पीठ आणलं आणि नवरीशिवायच्या त्या लग्नात सगळं गाव पिठलं-भाकरी जेवून हसत हसत घरी गेलं. सकाळी फुलं मिटली आणि तोरण, केळी, मोर, सगळं धुक्यासारखं विरून गेलं.

दुसऱ्या दिवशी परी आली ती पोट धरून हसतच आली. शेवंतीला मात्र हसू येत नव्हतं. आज ती शहाण्यासारखं मागणार होती. बायजाक्कांचे शब्द आठवून ती म्हणाली, "परीताई, आज सजावट नको. घरातलं उणं तेवढं कुणाला दिसू नये."

झगमग झगमग! फुटकी कौलं चांदीसारखी चकाकली. भिंती मोत्यांसारख्या गुळगुळीत झाल्या. हट्टी दार नुसत्या फुंकरीने उघडू लागलं. परसातला चिखल नाहीसा झाला आणि तिथे पांढरीशुभ्र फरशी लखलखू लागली.

तेवढ्यात दाराशी एक गाडी थांबली. गाडीत कोंडाजी कुंभार होते, त्यांची बायको तानी होती, आणि तानीच्या कडेवर एक गोबरं गोबरं बाळ होतं. बाळ कसलं, भोंगाच तो! रडून रडून लालेलाल झालेला. त्यांच्या गावाला पुराने वेढलं होतं, घर वाहून गेलं होतं, आणि तेव्हापासून बाळाने धड झोप घेतली नव्हती. तानीचे डोळेही झोपेवाचून सुजले होते.

"अगं बाई, किती छान घर!" तानीचा चेहरा फुलला. ती आतबाहेर फिरली आणि एका कोपऱ्यात थांबली. "अहो, इथं पाळणा टांगू या. इथं झोपेल माझं लेकरू."

कोंडाजी म्हणाले, "बास, ठरलं मग. नारळ-सुपारी देतो आणि व्यवहार पक्का करतो."

शेतावरून परतलेली आई दारातच थबकली. हे आपलंच घर का? ती काही बोलणार, तोच मागोमाग आलेल्या बायजाक्कांनी तिला चिमटा काढला. "गप. झाकली मूठ!"

शेवंतीच्या डोळ्यांपुढे निळा समुद्र आला. मोठा दिवा आला. दोन्ही हात पसरून उभे असलेले बाबा आले. आता नुसतं गप्प बसायचं होतं, तेवढंच! पण तानीने दाखवलेला कोपरा कोणता होता? नेमका टपटप गळणारा. शेवंतीने एकदा त्या कोपऱ्याकडे बघितलं, एकदा बाळाकडे बघितलं, आणि तिला रडूच कोसळलं.

"काकू, तिथे पाळणा टांगू नका! तिथे पाणी गळतं. हे सगळं परीचं आहे, सकाळी जाणार. कौलं फुटकी आहेत, दार अडतं, आणि मागे नुसता चिखल आहे. चप्पल गिळणारा!"

सगळे शेवंतीकडे बघू लागले. बाळसुद्धा क्षणभर रडायचं थांबलं. बायजाक्कांनी कपाळावर हात मारला. "हातातोंडाशी आलेला घास घालवलास गं पोरी!"

पण आईने शेवंतीला पोटाशी धरलं. "बरं केलंस," ती म्हणाली. मग कोंडाजींकडे वळून म्हणाली, "दादा, अंधार पडेल आता. घर घेऊ नका, पण वस्तीला राहा. बाळाला घेऊन कुठे जाल?"

पाहुणे राहिले. दिवेलागण झाली आणि बाळाने पुन्हा भोंगा लावला. तानी त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती. चालता चालता तिचे डोळे मिटत होते, मान कलंडत होती. शेवंती हळूच अंगणात गेली. परी फुलावर पाय हलवत बसली होती.

"एक इच्छा उरलीय," परी म्हणाली. "अजून कुणी घर बघायला येईल. जपून माग हो."

बाबांकडे जायची ही शेवटची संधी होती. तरी शेवंती म्हणाली, "परीताई, घरासाठीच मागायचं ना? मग आमच्या घरात त्या बाळाला शांत झोप लागू दे. एका रात्रीपुरती का होईना. काकू फार दमल्यात गं."

परीने नुसती फुंकर मारली. आत भोंगा थांबला आणि बाळ अंगठा चोखत गाढ झोपलं. थोड्याच वेळात तानीही झोपली, तशीच, बाळाच्या अंगावर हात ठेवून.

सकाळ झाली. फुलं मिटली. चांदी गेली, मोती गेले, फुटकी कौलं परत आली. शेवंती कान टवकारून बसली होती, आता रडणं ऐकू येणार म्हणून. पण बाळ झोपलेलंच! ऐकू आलं ते परसातून. तिकडून कोंडाजी ओरडत होते, "अहो, लवकर या! पळा पळा!"

सगळ्या धावल्या. बघतात तर काय, कोंडाजी घोट्यापर्यंत चिखलात रुतलेले आणि हसतायत! हातात मातीचा गोळा. तो दाबत होते, वळत होते, नाकाशी नेऊन वास घेत होते.

"तानी, माती बघ! लोण्यासारखी! अगं शेवंते, याला चिखल म्हणतेस तू? कुंभाराचं हे सोनं आहे. काल इथं फरशी बघून मी मनात म्हणत होतो, घर चांगलं, पण चाक फिरवायचं तर माती कुठून आणायची?"

"आणि कौलं?" आईने भीत भीत विचारलं.

"वहिनी, मी कुंभार आहे," कोंडाजी खो खो हसले. "कौलं मी भाजतो. चार दिवसांत छप्पर नवं करतो!"

आणि तिथेच, चिखलात उभ्याउभ्याच, त्यांनी आईच्या हातावर नारळ ठेवला. बायजाक्का कुंपणावरून म्हणाल्या, "बघा, मी म्हणत नव्हते? खरं बोलावं म्हणून!" त्या असं कधी म्हणाल्या होत्या, ते देवच जाणे.

निघायच्या दिवशी आईने नव्या माणसांसाठी चुलीपाशी मीठ आणि पाण्याची भरली घागर ठेवली. शेवंतीने तानीकाकूंना दार कुठे ढोसायचं ते दाखवलं. उन्हं कलली, गाडी जुंपली, तशी ती धावत अंगणात गेली. गुलबाक्षी उमलत होती.

"परीताई, बाळ अजून रोज शांत झोपतं! तुझी जादू मिटली कशी नाही?"

परीने तिच्या नाकाच्या शेंड्यावर एवढासा पापा दिला. "पहिल्या दोन इच्छा तू लोकांना दाखवायला मागितल्यास, वेडाबाई. त्या फुलांबरोबर मिटल्या. तिसरी कुणाला दाखवायची नव्हतीच. ती राहिली. आता जा, बाबा वाट बघतायत."

आणि गुलाबी, पिवळा, सोनेरी असा प्रकाश अंगणभर पसरला. शेवंतीने डोळे मिटून उघडले, तोवर परी त्या प्रकाशात विरघळून गेली होती.

मग बैलगाडी, मग होडी, मग पुन्हा बैलगाडी. आणि एका संध्याकाळी निळा निळा समुद्र! बाबा वाळूतून धावत आले. त्यांनी शेवंतीला असं उचललं की तिला दीपगृहाहून उंच झाल्यासारखं वाटलं. बाबा हसत होते, आई रडत होती, आणि शेवंती दोन्ही करत होती.

बाबांनी नवी खोली उघडली आणि ते ओशाळले. कोपऱ्यात जाळी होती, भिंतीला ओल होती, खिडकी वाकडी होती, आणि सगळीकडे सुक्या मासळीचा वास. "आवरायचं राहिलं गं," ते डोकं खाजवत म्हणाले. "उद्या सगळं छान करू हं."

शेवंतीने आत पाऊल टाकलं आणि जमिनीवर ऐसपैस बसकण मारली. "बाबा, हे घर कुणाला दाखवायचंय का?"

"नाही गं. आपण राहायचंय यात."

"तिघांनी?"

"तिघांनी."

"मग छानच आहे!" शेवंती म्हणाली, आणि बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून तिने तंगड्या पसरल्या.