शंभर वर्षांची भिंत

“घर पूर्ण झालं, आबा. आता ओळंबा देणार ना?”

यशवंतने विचारलं खरं, पण उत्तर त्याने मनात धरूनच ठेवलं होतं. आठ वर्षं तो आबा मेस्त्रींच्या हाताखाली माती तुडवत होता. एकट्याने बांधलेलं हे त्याचं पहिलं घर.

भिंत सरळ आहे का ते पाहायचा तो पितळी ओळंबा आबांना त्यांच्या गुरूंनी दिला होता. तो हातात आला, की यशवंतने स्वतःच्या नावावर घरं बांधायची. नाही आला, तर पुन्हा आबांच्या मागे घमेलं उचलायचं.

आबांनी घराला फेरी मारली. जांभ्याच्या चौथऱ्यावर मातीच्या भिंती. वासे वादळात पडलेल्या फणसाचे. छप्पर इतकं खाली उतरलेलं, की वाकूनच आत जावं. सगळं कसं शिकवलं तसं.

भिंती मात्र करड्या, गुळगुळीत.

“हे काय रे?”

“सिमेंटचा गिलावा, आबा!” यशवंतची छाती फुगली. “आता शंभर वर्षं या भिंतीला कुणी हात लावायला नको.”

“कुणीच?”

“कुणीच. मीसुद्धा.”

आबांनी गिलाव्यावर नख ओढून पाहिलं.

आता रीत अशी, की मेस्त्रीने आपण बांधलेल्या प्रत्येक घरी दिवाळीआधी जायचं. पावसाने झिजलेल्या भिंतीवर नव्या मातीचा पहिला हात त्याने फिरवायचा, पुढचे घरच्यांनी. आबांची घरं त्रेचाळीस. ऐंशी वर्षांचा म्हातारा गुडघे धरत त्रेचाळीस दारांत जायचा. यशवंतला त्या फेऱ्यांचा मनापासून वैताग. बांधलं की सुटलो, एवढंच त्याला हवं होतं.

सिमेंटच्या पोत्यांवर घातलेला प्लॅस्टिकचा कागद आबांनी उचलला. हात तेवढे मोकळे ठेवून यशवंतच्या अंगाभोवती गच्च गुंडाळला. वर सुतळी बांधली.

“विहिरीवरून दोन कळश्या पाणी आण.”

“असाच? या चैत्राच्या उन्हात?”

“असाच.”

घरमालकीण शेवंताकाकी पदर तोंडाला लावून हसली. यशवंतला अस्सा राग आला! पण आबांपुढे बोलायची सोय नाही. गेला निमूटपणे.

परत आला तो निथळतच.

“पाऊस लागला वाटेत?”

“चेष्टा करता काय, आबा? घाम आहे हा! कागदातून वारा कुठून लागणार अंगाला?”

आबांनी भिंतीकडे बोट केलं. नुसतं बोट.

यशवंतने भिंतीकडे पाहिलं, मग अंगावरच्या कागदाकडे.

मग त्याने सुतळी तोडली, छिन्नी घेतली आणि भिंतीवर एक ठोका दिला. गिलाव्याचा हातभर पोपडा खाली आला. आतली माती ओलीगच्च; बांधतानाचं पाणी आतच कोंडलेलं. बोट लावलं तर रुतलं.

हीच भिंत उशाशी घेऊन काकी झोपणार होती. पहिल्या पावसाळ्यात भिंत बसली असती तर? यशवंतला रडूच आलं.

“काकी, चुकलो गं मी.”

“चुकलास तर काढ ते,” काकी म्हणाली. “आणि आधी पाणी पी.”

तीन दिवस तो गिलावा खरवडत होता. आबा आंब्याखाली बसून पान चघळत होते. चारी भिंती उघड्या पडल्या, ओबडधोबड झाल्या. यशवंतला त्यांच्याकडे बघवेना.

भिंती वाऱ्यावर सुकल्या. मग त्याने माती मळायला घेतली. भाताचं तूस घातलं. काकी पाणी ओतत होती. भिंतीवर पहिला हात त्याने फिरवला. दुसरा काकीने.

संध्याकाळपर्यंत एक भिंत लिंपून झाली. यशवंत घाम पुसायला वळला, तोच त्याच्या चिखलाच्या तळव्यावर काहीतरी जड, थंड आलं.

ओळंबा.

“अहो आबा... तीन भिंती उघड्या आहेत. घर अपुरं आहे अजून!”

आबांनी ओल्या लिंपणावरून सावकाश तळवा फिरवला.

“असू दे. दिवाळीला इथं हात फिरवायला येशील, तेव्हा माती जरा मऊ मळ.”