ठकूबाईची निरगुडी

फार वर्षांपूर्वी, आजचा एस.टी.चा रस्ता नुसती पाऊलवाट होता तेव्हा, म्हाळाप्पा धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघाला. शिवेवरच्या निरगुडीच्या बेटापाशी थांबून बायकोला म्हणाला, "ठके, हितंच भेटू." आपलं घोंगडं तिच्या अंगावर टाकलं आणि गेला. परत आला नाही.

ठकूबाई रोज बेटापाशी येऊन बसायची. वाटेकडे बघून डोळे शिणायचे, म्हणून ती पानांकडे बघू लागली. तिथे तिला मारेकरी किडा दिसला. तांबडं अंग, बारीक मान, तोंडाखाली दुमडलेली सुईसारखी सोंड. दिवसभर एका पानावर टपून बसायचा, अळी जवळ आली की सोंड खुपसून तिला शोषून टाकायचा. त्याच्यासारखं वाट बघणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. ठकूबाईला त्याची सोबत वाटायची, असं म्हणतात.

एका वर्षी तुरीवर अळी पडली. फूल ठेवीना, शेंग ठेवीना. गावाने ठरवलं, अळी बेटातूनच येते, तेव्हा बेट पेटवून द्यायचं. बेट गेलं तर म्हाळाप्पा भेटणार कुठे? ठकूबाई आडवी आली.

"आबा, तीन दिस थांबा," ती पाटलांना म्हणाली. "अळी हितनं येत न्हाई. अळी खाणारा हितं ऱ्हातो. म्या रोज बघतीया."

"तू नवऱ्याची वाट बघ. पीक आम्ही बघतो," पाटील म्हणाले. पण तीन दिवस दिले.

हा किडा हातात धरला की असा डसतो, की डोळ्यांत पाणी येतं. ठकूबाईने घोंगडं बेटावर पसरलं आणि किडे आपणहून त्यावर चढले, असं म्हणतात. ते तांबडं झालेलं घोंगडं पाठीवर घेऊन ती तुरीच्या ओळीओळीने हिंडली, एकेक किडा हाताने उचलून झाडावर सोडत. हात कोपरापर्यंत सुजले. तिसऱ्या दिवशी शेंड्याशेंड्याला अळ्यांची रिकामी कातडी लोंबत होती.

बेट वाचलं. म्हाळाप्पा मात्र आला नाही.

मग एका सकाळी निरगुडीवर नुसतं घोंगडं दिसलं, ठकूबाई नव्हती. वाटेवर मेंढरांच्या खुरांचे ठसे होते, असं म्हणतात. मला ते खरं वाटतं. नसलं तरी वाटू दे.

त्या बेटाला आजही कोणी कोयता लावत नाही. गाव सोडून जाणारा तिथे थांबतो आणि परत कधी येणार ते निरगुडीला सांगतो. ठकूबाईला खोटं सांगायचं नाही, एवढाच नेम.

माझा लेक दिवाळीचं सांगून गेलाय. दोन दिवाळ्या झाल्या. तुरीला फूल आलं की मी बेटापाशी जाते, पानावर तो किडा शोधते, आणि तो हलत नाही तोवर मीही उठत नाही.