काथाची डबी

"कातडीचा दोष आत्म्याला लागतो का, महाराज?"

"कुठल्या कातडीचा?"

"कुठल्याही. सर्वसाधारण कातडीचा."

"सर्वसाधारण कातडी कुणाला असते, प्रोफेसर?"

नेमगोंडा मगदूमांनी मांडी बदलली. प्रश्न त्यांनी रात्रभर घासूनपुसून आणला होता, आणि तो पहिल्याच पायरीवर घसरला होता.

मगदूम सरांनी आयुष्यभर कॉलेजात रंगांचे रसायन शिकवले. कापडाचा रंग का उडतो, लोकरीवर का टिकतो, यावर त्यांचे दोन ग्रंथ होते. पत्नी गेल्यावर घर मुलाच्या हवाली करून ते महाराजांच्या संघात आले. पांढरे धोतर नेसून गावोगाव मागे चालले.

महाराज दिगंबर मुनी. अंगावर सूत नाही. मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, एवढाच संसार.

येत्या रविवारी मगदूम सर दीक्षा घेणार होते. भर मांडवात धोतर सोडायचे, आणि पुन्हा कधी काही नेसायचे नाही. फाट्यावर त्यांच्या फोटोचे फलक लागले होते. नावामागे 'प्रा.' लावायला कार्यकर्ते विसरले नव्हते.

आणि सर दीक्षा पुढे ढकला म्हणत होते.

मुहूर्ताबद्दल त्यांना शंका होती. एका टीकाग्रंथाचे वाचन अपुरे होते. मुलाला रजा मिळेल की नाही, हेही नक्की नव्हते. महाराजांनी सगळे ऐकून घेतले. पिंछीने पाटावरची मुंगी अलगद बाजूला केली.

"झाली कारणं?"

"झाली."

"आता खरं सांगा."

. . .

सरांनी भिंतीकडे तोंड करून सांगितले. अंघोळ करताना लिंगाच्या टोकाशी एक पांढरा ठिपका दिसला होता. भुईमुगाच्या दाण्याएवढा. तो वाढत गेला, खाली अंडकोशावर उतरला. दुखत नव्हते, खाजत नव्हते. नुसता रंग गेला होता.

सांगता सांगता त्यांचा आवाज चढला. बाजारातल्या जडीबुटीवाल्याला आडून विचारले, तर त्याने डोळा मारला. म्हणाला, तरुणपणी काय काय केलंत मास्तर?

"मी, महाराज! परस्त्रीकडे मान वर करून पाहिलं नाही कधी. आणि त्या जडीबुटीवाल्याने मला डोळा मारावा?"

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं." शब्द थुंकल्यासारखा आला.

तालुक्याच्या गावचा त्वचेचा डॉक्टर तरुण होता. त्याने साखर तपासली, साबण कोणता विचारला, निळसर दिव्याखाली डाग पाहिला. मग सांगितले, हे कोड. शिवल्याने लागत नाही, वागण्याने होत नाही. हवे तर मलम देतो, नको असेल तर नको. हाच डाग खाजला असता, कातडी जाड झाली असती, चिरली असती, तर मात्र वेगळा विचार करावा लागला असता. लाल चट्टे आले, जखम झाली, तर लगेच या. एरवी काही नाही.

"काही नाही! माझी झोप उडाली, अन्न जाईना, आणि तो पोरगा हात धुता धुता म्हणतो, काही नाही."

"खोटं बोलला?"

"खरं बोलला. म्हणून तर संताप होतो. आजार असता, तर आजारी म्हणून पडून राहिलो असतो. कुणी दया केली असती. हा आजार म्हणून कुणी मोजत नाही, आणि रविवारी दिसणार मात्र सगळ्यांना."

महाराज नुसते ऐकत होते. सरांना तेही सहन झाले नाही.

"घर सोडलं. पुस्तकं सोडली. चहासुद्धा सोडला. सगळं सोडून दारापर्यंत आलो, तर माझी स्वतःचीच कातडी आडवी यावी... हा काय न्याय?"

"मग काय केलंत?"

सरांनी कनवटीला हात घातला. एक छोटी पत्र्याची डबी काढून दोघांच्या मध्ये ठेवली.

महाराजांनी मान पुढे केली. "काय आहे?"

काथ होता. हळद होती, थोडी काजळी होती, सगळे खोबरेल तेलात खललेले. सरांनी संघाच्या स्वयंपाकघरातून एकेक जिन्नस मागून आणला होता. आधी लेप मनगटावर लावून पाहिला, मग मिश्रण बदलले, पुन्हा लावले. हे सांगताना त्यांचा राग क्षणभर निवला.

"छटा अचूक जमली होती. फरक ओळखू आला नसता."

"मग?"

"डागावर लावलं आणि घाम आला. लेप ओघळला. आग झाली, कातडी सोलवटली. डॉक्टर डागावर नाही रागावला, यावर रागावला. आता नुसतं पाणी, दुसरं काही लावायचं नाही म्हणाला. ते बरं झालं. पण डबी अजून..."

"टाकवली नाही."

"नाही."

महाराज डबीकडे बघत राहिले. त्यांचे खांदे हलू लागले.

"प्रोफेसर, रविवारी धोतर सोडल्यावर ही ठेवणार कुठं?"

. . .

"हसू नका, महाराज."

"कमंडलूत मावेल?"

"हसू नका म्हणतो!" मगदूम सर उठून उभे राहिले. "तुम्हाला काय जातं? समोर माझे विद्यार्थी बसतील. सुनेच्या माहेरची माणसं बसतील. म्हणतील, सर असे होते होय. म्हणूनच म्हातारपणी वैराग्य सुचलं. मी आयुष्यभर जपलेलं नाव एका डागानं जाणार. आणि मला तर आता वाटतं, त्यांचंच खरं असेल. माझ्यातच कुठं काही असेल. उगाच का रंग जातो? कारणाशिवाय रंग जात नाही, मीच शिकवलंय पोरांना."

ते थांबले. धाप लागली होती.

महाराजांचे हसू केव्हाच गेले होते.

"लोक काय काय बघतात?"

"सगळं बघतात."

"तुम्ही?"

"मी काय?"

"रोज सकाळी माझ्यासमोर येता. नमोस्तु म्हणता. काय बघता?"

"पाय बघतो तुमचे. चेहरा बघतो. दुसरं काय बघणार?"

महाराजांनी पिंछी बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात टेकत हळूहळू उभे राहिले.

"बघा."

"ही कसली परीक्षा? माझी दैना ऐकून वर..."

"बघा म्हटलं."

सरांनी सवयीने पायांकडे पाहिले. मग नजर वर नेली. गुडघ्यापाशी अडखळली. पुन्हा वर गेली...

बेंबीखालून पांढरे सुरू होत होते. दोन्ही जांघांत उतरले होते, आणि मध्ये जे होते तेही सगळे तसेच होते. कडा जुन्या नकाशासारख्या, विरलेल्या. तिथले केससुद्धा पांढरे.

बाहेर अंगणात कुणीतरी दर्शनाला आलेली माणसे पाय धूत होती. पाण्याचा आवाज आत येत होता.

"कधीपासून?" सरांनी विचारले.

"तुम्ही यायच्या आधीपासून."

"रोज शेकडो माणसं येतात. कुणी एक शब्द... मलासुद्धा कुणी सांगितलं नाही. आणि मला दिसलं कसं नाही? मी रंगांचा माणूस! माझ्या डोळ्यांसमोर..."

रागवायला आता समोर कुणी उरले नव्हते. सर तसेच उभे राहिले, फसवणूक झालेल्या माणसासारखे.

महाराज खाली बसले. पिंछी उचलली. तिच्या टोकाने काथाची डबी सरांच्या बाजूला हळूच सरकवली.

"झाकलं असतं, तर दिसलं असतं."